त्याच्या हातात काय होतं?

लातूर जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण मावशीला अजून त्याच गावात राहायचंय.

सोयाबीनची खुरपणी चालू होती. बाकीच्या बाया बांधावर पाणी प्यायला गेल्या. मावशी शेवटची पात उरकत होती. तो मागून आला. घर मोठं, वाडा मोठा, गावात वजन मोठं. त्यानं तिचं तोंड दाबलं आणि तिला काकरीत पाडलं. मावशीच्या हातात खुरपं होतं. तिनं ते चालवलं. त्याच्या दंडाला लागलं, खांद्याला लागलं. तो बोंबलत पळाला. मावशी पळाली नाही. खुरपं मातीत पुसलं आणि राहिलेली पात पुरी केली. पात अर्धी टाकली तर रोज मिळत नाही.

संध्याकाळी पोलीस आले. तिला न्यायला.

ठाण्यात साहेबानं विचारलं, "त्याच्या हातात काय होतं?"

"काही नव्हतं."

"अन् तुझ्या?"

"खुरपं."

झालं! साहेबानं कागद पुढं ओढला. मजुरीच्या किरकोळ वादावरून धारदार हत्याराने जीवघेणा हल्ला. कलम ३०७. मावशीची फिर्याद दोन दिवसांनी घेतली, तीही वस्ती ठाण्यापुढं जाऊन बसली तेव्हा.

मग आमचा वकील. आमच्याच समाजाचा, शिकलेला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, "त्याच्या हातात काय होतं?" मग वस्तीतला म्हातारा. त्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "पोरी, तेच्या हातात तर काईच नव्हतं म्हनत्यात. मंग खुरपं कामून मारलीस?"

तिघांचा प्रश्न एकच. साहेबाचा, वकिलाचा आणि आपल्या माणसाचा. जणू तिघं एकाच शाळेत शिकले.

सहा वर्षं तारखा झाल्या. मावशी सुटली. पण कशी सुटली? साक्षीदार फुटले, पंच फुटले, आणि निकालात आलं: संशयाचा फायदा देऊन मुक्त. हक्कानं सुटली नाही, संशयानं सुटली. तिनं केलं ते कायद्यानं बरोबर होतं, असं एक वाक्य त्या निकालात नाही. आजही गावात तिला "खुरपंवाली" म्हणतात. अन् तो? तो "बिचारा" झाला. निःशस्त्र होता ना!

हा लेख त्या एका शब्दावर आहे. निःशस्त्र.

*

दोस्तहो, गावगाड्यात निःशस्त्र कोण असतो ते आधी बघू.

शेत त्याचं. शेतातून जाणारी वाट त्याची. विहीर त्याची, पिठाच्या गिरणीचा मालक त्याचा चुलता, दूध डेअरीचा चेअरमन त्याचा मामा. तो एका हाकेवर वीस माणसं उभी करतो. त्याला काठी कशाला पाहिजे? त्याच्या रिकाम्या हातामागं अख्खं गाव मूठ आवळून उभं असतं. आणि आपल्या माणसाच्या हातात विळा असतो, कोयता असतो, कत्ती असते, रापी असते. का असते? कारण आपण कामावर असतो! मराठीत हत्यार म्हणजे कामाचं अवजार अन् हत्यार म्हणजे शस्त्र. ज्याच्या पोटाला काम चिकटलंय, तो चोवीस तास 'हत्यारबंद' ठरतो. जो दुसऱ्याच्या कामावर जगतो, तो जन्मभर निःशस्त्र. वा रे हिशोब!

तुम्ही म्हणाल, हे भावनेचं बोलणं झालं, कायदा असं मानत नाही. मी म्हणतो, कायदा वाचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या आहे. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू त्या व्याख्येतून बाहेर ठेवल्यात. उदाहरण म्हणून लाठीच दिलीय. म्हणजे खुरपं बाळगणारी बाई त्या कायद्यानं शस्त्रधारी नाही. अन् गंमत बघा, लाठ्या घेऊन वस्तीवर आलेले शंभर लोकही त्या व्याख्येनं शस्त्रधारी नाहीत! शब्दाला धरून बसलं तर असं होतं. म्हणून हातात काय होतं हा प्रश्न अर्धाच आहे. त्या हातानं काय व्हायला लागलं होतं, हा पुरा प्रश्न आहे. आणि कायदा पुरा प्रश्न विचारतो. अर्धा विचारतात ते ठाण्यातले साहेब.

*

मनूचा कायदा आठवा. शूद्रानं वरच्या वर्णावर हात उचलला तर हात तोडावा, पाय उचलला तर पाय. त्या कायद्यात कोण चुकलं हा प्रश्नच नव्हता. हात कुणी उचलला, एवढाच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी तो ग्रंथ जाळला. कागद जळाला. पण ठाण्याच्या टेबलाच्या खणात त्याची एक प्रत अजून आहे. मावशीला त्या प्रतीतून कलम लागलं. तिचा गुन्हा जखम करणं नव्हता, हात उचलणं होता.

आता दुसरा कायदा. १८३७ चा मेकॉलेचा मसुदा, मग १८६० ची भारतीय दंड संहिता. इंग्रजांचं राज्य लुटीचं होतं, त्यांना डोक्यावर घेण्याचं कारण नाही. पण त्या संहितेत कलम ९६ ते १०६ अशी अकरा कलमं होती. खाजगी बचावाचा हक्क. त्यात जात नाही, वर्ण नाही. आपला देह वाचवायचा हक्क प्रत्येकाला, आणि दुसऱ्या कुणाचाही देह वाचवायचा हक्कसुद्धा प्रत्येकाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. तीच अकरा कलमं आता ३४ ते ४४ झाली. नंबर बदलले, गाभा तोच. त्या तारखेच्या आधीची प्रकरणं जुन्याच नंबरानं चालतात.

हे नंबर पाठ करा. आपण बावीस प्रतिज्ञा पाठ करतो ना? मग अकरा कलमं जड नाहीत.

कलम ३४: खाजगी बचावाच्या हक्कानं केलेलं कृत्य गुन्हाच नाही. शिक्षा माफ असा अर्थ नाही. गुन्हाच नाही!

कलम ३८: हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क टिकतो, अशा सात जागा. एक, हल्ला असा की आपण मरू अशी वाजवी भीती वाटावी. दोन, जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती. तीन, बलात्काराच्या उद्देशानं हल्ला. चार, अनैसर्गिक वासनेच्या उद्देशानं. पाच, पळवून नेण्याच्या उद्देशानं. सहा, असं कोंडून ठेवण्याच्या उद्देशानं की सरकारी मदत मागताच येऊ नये. सात, अ‍ॅसिड. ही सातवी जागा २०१३ साली जोडली गेली.

आता बोट ठेवून सांगा, या सातांत हल्लेखोराच्या हातात शस्त्र पाहिजे असं कुठं लिहिलंय? कुठंच नाही. बलात्कार करणारा कोयता घेऊनच येतो का? गळा आवळायला सुरी लागते का? तिसरी जागा मावशीची होती. कायद्यानं तिला जीव घेण्यापर्यंतचा हक्क दिला होता. तिनं फक्त दंड फोडला. तिनं कायद्यानं दिलं त्यापेक्षा कमी घेतलं, अन् तिला ३०७!

जबर दुखापत म्हणजे काय तेही बघा. कायद्यानं तिचे आठ प्रकार सांगितलेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं, दात पडणं. होय, दातसुद्धा! हे सगळं नुसत्या हातानं, नुसत्या लाथेनं होतं. अकोला जिल्ह्यात १९७४ साली गवई बंधूंचे डोळे काढले, तेव्हापासून या यादीतली पहिली ओळ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

कलम ४०: हक्क कधी सुरू होतो? पहिला घाव बसल्यावर नाही. प्रयत्नामुळं किंवा धमकीमुळं धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली, की सुरू. आणि भीती आहे तोवरच चालू. भीती संपली की हक्क संपला.

कलम ४१ मालमत्तेचं. राहत्या घराला आग लावली, आग लावायला आले, तर तिथंही जीव घेण्यापर्यंत हक्क. आग लावणाऱ्याच्या हातात काय असतं? काडेपेटी. आता सांगा साहेब, काडेपेटीवाला निःशस्त्र का?

*

हे नांदेडकरांना सांगायला नको.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मागितलं होतं एक नाव, आणि पेटली आपली घरं. शेकडो गावांतून वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला हातपाय तोडून जाळलं. मातंगाचा माणूस, तोंडात जयभीम. सुगावात जनार्दन मेवाडे गेला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत आपण काय केलं? मोर्चे काढले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. नीट बघा. आग त्यांनी दुसऱ्यांच्या घराला लावली, आपल्या माणसानं स्वतःच्या देहाला लावली. आणि तरीही हिंसक कोण, तर आम्ही!

त्या १९७८ च्या रात्री एखाद्या बापानं दारात कुऱ्हाड घेऊन उभं राहून सांगितलं असतं, की पुढं पाऊल टाकलं तर घाव घालीन, तर कायदा त्याच्या बाजूला होता. तेव्हाची कलमं १००, १०३ आणि १०६. त्या १०६ चं उदाहरण तर जणू आपल्या वस्तीसाठी लिहिलंय. एका माणसाला जमाव ठार मारायला आलाय, गोळी घातल्याशिवाय वाचणं शक्य नाही, आणि जमावात पोरं मिसळलीत. एखाद्या पोराला इजा व्हायचा धोका पत्करून त्यानं गोळी झाडली तरी तो गुन्हा नाही, असं ते उदाहरण सांगतं. आता ते कलम ४४ मध्ये आहे. पण त्या बापाला हे कुणी सांगितलं? शाळेत सांगितलं? तलाठ्यानं सांगितलं? त्याला एवढंच ठाऊक होतं, की आपण हात उचलला तर उद्या अख्खी वस्ती आत जाईल. त्याचं चुकलं नव्हतं. हेच तर दुखणं आहे.

*

आता न्यायालयं काय म्हणाली ते बघू. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की हे लोक नुसतेच शंख करतात.

पहिला खटला अमजद खानचा. १९५० साली मध्य प्रदेशात कटनीला दंगल झाली. जमाव शेजारच्या गाळ्यात घुसून लुटत होता, याच्या दारावर लाठ्या आदळत होत्या, आत बायकापोरं. यानं बंदूक झाडली. एक मेला, काही जखमी. खालच्या कोर्टांनी दोषी धरलं. १९५२ साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, नागपूरचे. तात्पर्य असं, की दारावर मरण धडकत असताना माणसानं किती बळ वापरलं ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं. जमाव आत येऊन पहिला वार करीपर्यंत थांबायची सक्ती नाही.

दुसरा देव नारायणचा, १९७३, उत्तर प्रदेश. समोरच्यांच्या हातात लाठ्या, याच्या हातात भाला. हायकोर्टाला वाटलं, लाठीला भाला म्हणजे मर्यादा ओलांडली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, डोक्यावर बसणारी लाठीही जीव घेते. तिला उत्तर म्हणून भाला चालवला तर हक्काबाहेर गेला असं म्हणता येत नाही. हा निकाल प्रत्येक वस्तीच्या समाजमंदिरात चिकटवून ठेवा. हत्याराला हत्यार जुळवायचं नसतं, धोक्याला बचाव जुळवायचा असतो.

पण थांबा. टाळ्या नंतर वाजवा. आता दुसरी बाजू.

जय देवचा खटला, १९६३, पंजाब. शेतावरचं भांडण. पळून चाललेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. कोर्ट म्हणालं, पळणाऱ्याकडून धोका उरत नाही, मग हक्कही उरत नाही. शिक्षा झाली. योगेंद्र मोरारजीचा, १९८०, गुजरात. गाडी अडवणाऱ्या लोकांवर रिव्हॉल्वर चालवलं. कोर्ट म्हणालं, मर्यादा ओलांडली. तिथंही शिक्षा. आणि हे निकाल मला पटतात! कारण आपणही उद्या कुणाची तरी गाडी अडवणार आहोत. मजुरीसाठी, धरणाच्या पाण्यासाठी, गायरानासाठी. त्या दिवशी काचेआडच्या धनदांडग्यानं "मला भीती वाटली" म्हणून आपल्यावर गोळी झाडली, तर हेच निकाल आपली ढाल होतील. ज्याला कायदा फक्त स्वतःपुरता पाहिजे, त्यानं मनूकडं जावं.

*

म्हणून मर्यादा सरळ सांगतो, आपल्या भाषेत.

एकट्यानं येऊन एक थापड मारली, शिवी दिली. कोयता चालणार नाही. शिवीला अ‍ॅट्रॉसिटी आहे, थापडीला थापड आहे. पण त्यानं खाली पाडलं, छातीवर बसला, गळा धरला, डोळ्यांत बोटं घालायला लागला. हात रिकामा असला तरी आता मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती आहे. हाताला लागेल ते उचला.

पाचदहा जण रिकाम्या हातानं आले, घेरलं, लाथाबुक्क्या सुरू. संख्या हेच हत्यार. तुम्ही एक, तुम्ही म्हातारे, तुम्ही बाई, तुम्ही रोडके, रात्र आहे, वाट बंद आहे. हे सगळं कोर्टापुढं यायला पाहिजे. कारण वाजवी भीती म्हणजे साहेबाची भीती नाही. त्या क्षणी, त्या जागी, त्या माणसाला वाटलेली भीती. पळून जायला पाहिजे होतं असं कुणी म्हणालं तर सांगा, कायदा माणसाला भ्याड हो म्हणत नाही. सुप्रीम कोर्टानं दर्शन सिंगच्या खटल्यात २०१० साली हेच सांगितलंय.

तो पळाला. थांबा! पाठलाग केला की हक्क संपला. तो पडला, हत्यार गळालं, तरी घाव घालत राहिलात, हक्क संपला. मर्यादा सद्भावानं ओलांडली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात, पण तुरुंग आहेच. आणि दुसऱ्या दिवशी चार पोरं घेऊन त्याच्या दारात गेलात तर तो बचाव नाही, तो गुन्हा.

कलम ३७ म्हणतं, सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. बरोबर. पण वेळ कुणाच्या घड्याळानं मोजायचा? ११२ फिरवा म्हणतात. फिरवा, जरूर फिरवा, फोनवर नोंद राहते. पण ठाणं वीस किलोमीटर आणि गळ्यावरचा हात वीस इंच, तेव्हा घड्याळ गळ्याचं धरायचं, ठाण्याचं नाही.

त्याच कलमात आणखी एक काटा आहे. पदाच्या जोरावर सद्भावानं काम करणाऱ्या लोकसेवकाच्या कृत्याविरुद्ध हा हक्क नाही, त्या कृत्यानं मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तेवढं सोडून. कागदावर ठीक. पण डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, वस्त्यांत पोलीस घुसले, धरपकड झाली. त्यात पकडलेला वडार समाजाचा, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. कायदा शिकणारा पोरगा! कोठडीत तो कुठलं कलम वापरणार होता?

*

आता दोन शब्द आपल्या लोकांना. कडू लागतील.

पहिला शब्द पोरांना. तलवार हातात धरून व्हिडिओ काढता. म्यानातून काढून फिरवता, खाली गाणं लावता. काय मिळतं? शस्त्र अधिनियमाचा गुन्हा, आणि उद्या खरोखर हल्ला झाला तर तोच व्हिडिओ सरकारी वकील कोर्टात लावतो: बघा, हेच हल्लेखोर. बोंढार हवेली आठवा. नांदेडच्या वेशीवरचं गाव. १ जून २०२३ ला तिथं आपल्या एका तरुण भावाचा भोसकून खून झाला. गावात भीमजयंती काढली, हा राग. वरातीत हत्यारं नाचवणारे ते होते. त्यांचीच नक्कल करून आपण त्यांच्यापेक्षा वेगळे कसे ठरू? आपलं बळ तलवारीत नाही, आपल्याला आधी हात लावायचं कारण नसण्यात आहे. बचावाचा हक्क हल्ला झालेल्याला असतो, हल्ला शोधत फिरणाऱ्याला नसतो.

नागपूरच्या कस्तुरबानगरचं उदाहरण कुणीतरी लगेच देईल. १३ ऑगस्ट २००४, बायांनी अक्कू यादवला भर कोर्टात संपवला. त्या बायांची वर्षानुवर्षांची वेदना मी नाकारत नाही. पोलिसांनी त्यांना एकटं सोडलं, हेही खरं. पण तो कायद्यातला बचाव नव्हता, आणि २०१४ साली आरोपी सुटले ते पुराव्याअभावी, हक्कानं नव्हे. पुन्हा तेच, संशयानं सुटणं! मला संशयानं सुटणाऱ्या बाया नको आहेत. हक्कानं सुटणाऱ्या पाहिजेत. आणि तो हक्क असतो त्याचं पहिलं पाऊल घरात पडतं त्या रात्री. त्या रात्री त्याला अडवायचा हक्क आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून तो दिवस आला.

दुसरा शब्द म्हाताऱ्यांना. "हात जोडा, पोरांनो. गावात राहायचंय." हात जोडून काय झालं? २०१८ साली उदगीर तालुक्यातल्या रुद्रवाडीत लग्नाच्या निमित्तानं मारहाण झाली आणि मातंगांच्या घरांना गाव सोडून माळावर जाऊन राहावं लागलं. हात जोडणारालाच गाव सुटतं. आणि बाबासाहेबांचं नाव सांगून कुणी गप्प बसवू नका. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या लोकांवर हल्ला झाला. सैन्यातून आलेले आपले गडी तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. का? कारण हल्ला सरला होता, आता निघाला असता तो बदला. मग त्यांनी खटला चालवला, हल्लेखोरांना शिक्षा झाली. आणि त्याच सुमाराला समता सैनिक दल उभं राहिलं. आवरणं आणि उभं राहणं, दोन्ही त्यांचंच. आपण अर्धे बाबासाहेब घेतो, सोयीचे तेवढे.

*

मग करायचं काय?

घाव घातला, जीव वाचला, की पळू नका. आधी सरकारी दवाखान्यात जा. अंगावरचा ओरखडा, वळ, उपटलेले केस, फाटलेलं लुगडं, सगळं नोंदवा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाला करावा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं लक्ष्मी सिंगच्या खटल्यात १९७६ साली सांगितलंय. तो वळ तुमचा पहिला साक्षीदार, आणि तो फुटत नाही.

जबाबात "मी काहीच केलं नाही" असं खोटं सांगू नका. आपण तिथंच मरतो. भीतीनं नाही म्हणतो आणि हक्क हातातून जातो. सरळ सांगा: होय, मारलं, कारण तो अमुक करत होता. बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका जड नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं दिसलं तरी पुरतं. वकील विसरला तरी, पुराव्यातून हक्क दिसत असेल तर कोर्ट तो देऊ शकतं. मुन्शी रामचा निकाल, १९६८. मावशीच्या वकिलानं तो उघडला असता तर!

आणि सरकारला विचारा. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ चे नियम आहेत. त्यातला नियम ३. अत्याचारप्रवण भागात बिगर दलित-आदिवासींचे शस्त्रपरवाने तपासा, गरज पडली तर रद्द करा, बेकायदा शस्त्रं जप्त करा, आणि आवश्यक वाटलं तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शस्त्रपरवाने द्या. हे मी म्हणत नाही, पँथर म्हणत नाही, भारत सरकारचा नियम म्हणतो! नांदेडच्या आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावं: १९९५ पासून या नियमाखाली किती परवाने दिले, कुणाचे किती रद्द केले? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. एकेका तालुक्यातून टाका.

बंदुकीची हौस म्हणून हे सांगत नाही. मला बंदूक नको. मला पाहिजे तो ठाण्यातला प्रश्न बदललेला. प्रत्येक उलट्या फिर्यादीत आपल्या माणसाला आत टाकायच्या आधी तपास अधिकाऱ्यानं कलम ३४ ते ४४ उघडावीत आणि लेखी नोंदवावं, की हा बचाव होता का नव्हता. नव्हता तर का नव्हता. एवढं एक पान. त्या एका पानासाठी मावशीची सहा वर्षं गेली.

परवा मावशीकडं गेलो होतो. खुरप्याची मूठ ढिली झाली होती, ती पाचर ठोकून घट्ट करत बसली होती. मी म्हणालो, मावशे, तुझ्यावर लिहायलोय. ती हसली. म्हणाली, "लिही की. पर एवढं लिही बाबा, की ते मला इचारत होते तेच्या हातात काय होतं. मी गडबडले, काई नव्हतं म्हनले. आता इचारलं तर सांगीन."

"काय सांगशील?"

"मीच होते तेच्या हातात."

साहेब, घ्या लिहून. हा जबाब आहे.

जयभीम.